आमरीच्या मुळांना वारा हवा

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीजवळच्या इमारतींत खिडकीच्या ग्रिलवर तुळस, कोरफड आणि मनीप्लँट ठरलेलेच. हल्ली त्यांच्या शेजारी वाढदिवसाला भेट आलेलं ऑर्किडही दिसू लागलंय. चार-पाच जाड पानं आणि जांभळ्या फुलांचा झुकलेला दांडा. फुलं दोन-अडीच महिने टिकतात. ती गळली की घरातलं कोणीतरी मायेने ते झाड लाल मातीच्या मोठ्या कुंडीत हलवतं आणि रोज सकाळी तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी घालतं. गणपती येईतो झाडाचा निकाल लागलेला असतो. माझं पहिलं झाड मी असंच घालवलं आणि वर 'ऑर्किड फार नाजूक बाई' असं सगळ्यांना सांगत फिरले.

नाजूक वगैरे काही नाही. बाजारात सर्रास मिळणारं हे फॅलेनॉप्सिस मुळात जंगलात झाडांच्या सालीला मुळांनी धरून वाढतं. पावसाची सर आली की मुळं चिंब भिजतात, वारा सुटला की सुकतात. मुळांवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, पाणी शोषलं की हिरवं. मातीत गाडल्यावर हे आवरण वाळतच नाही, हवा मिळत नाही आणि मूळ कुजतं. खरी फसगत पुढे आहे. मुळं कुजली की पानांना पाणी पोचत नाही, ती सुरकुततात. झाड तहानलंय असं वाटून आपण आणखी पाणी घालतो!

झाडावर वाढतं म्हणून शेजारच्या काकू त्याला बांडगूळ म्हणाल्या. हा समज गावाकडेही पक्का आहे. बांडगूळ यजमान झाडाच्या फांदीत शिरून त्याचा रस पितं. आमरी, म्हणजे आपल्याकडचं झाडावरचं ऑर्किड, फक्त बसायला जागा घेते, पाणी आणि अन्न पावसातून, हवेतून, सालीवरच्या कचऱ्यातून मिळवते. पावसाळ्याच्या तोंडाशी सह्याद्रीत झाडांवर लोंबणारी गुलाबी सीतेची वेणी अशीच. ती मात्र उपटून घरी आणायची नाही. ऑर्किडचं बी धुळीएवढं बारीक, त्यात अन्नाचा साठाच नसतो, विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. उपटलेल्या झाडाची जागा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

आता कुंडी. 'मोठी कुंडी दिली की झाड फोफावतं' हे गुलाबाला ठीक. इथे मुळं जेमतेम मावतील एवढीच हवी, कारण रिकाम्या जागेतला ओलावा शोषायला कोणी नसतं. आत माती अजिबात नाही. सालीचे तुकडे, लाकडी कोळसा किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात. सोडणात मीठ असतं, म्हणून ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायचं. मी कुंडी बदलते ती होळीनंतर, फुलं उतरल्यावर. नवीन मुळांची हिरवी टोकं दिसू लागलेली असतात आणि पावसाळ्याआधी झाड सावरतं. साल कुजून तिचा भुगा होतो, म्हणून दीड-दोन वर्षांनी हे करावंच लागतं.

आधी मुळं अर्धा तास पाण्यात ठेवली की ती लवचीक होतात, मोडत नाहीत. मग बुंध्याखाली बघा. नर्सरीतून आलेल्या झाडाच्या पोटात अनेकदा शेवाळाचा एक बोळा दडलेला असतो. वरची साल सुकली तरी तो ओला राहतो. तो काढा. मूळ बोटाने दाबून पाहायचं: टणक असेल तर ठेवा; पोकळ लागलं, साल निघून आत नुसता दोरा उरला, तर ज्योतीवर तापवलेल्या कात्रीने कापा. कुंडीबाहेर झेपावणारी मुळं कापू नका, कोंबूही नका, ती आजारी नाहीत. जखमा सुकेपर्यंत दोन-तीन दिवस पाणी नको.

पाण्याचं वेळापत्रक विचाराल तर 'आठवड्यातून एकदा' हे उत्तर इथे टिकत नाही. मे महिन्यात खाडीवरचा वारा कुंडी तीन दिवसांत सुकवतो, जुलैत दहा दिवस हात लावायला नको. पारदर्शक कुंडीतून मुळं रुपेरी दिसली की नळाखाली मिनिटभर भिजवायची, पूर्ण निथळू द्यायची, पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी कापसाने टिपायचं. पानांवर फवारा मारणं म्हणजे पाणी देणं नव्हे. आणि आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालण्याची आपली काटकसर ऑर्किडला महागात पडते. त्यात क्षार एकवटलेले असतात, मुळांची टोकं करपतात.

पाण्याऐवजी कुंडीत बर्फाचा खडा ठेवण्याच्या सल्ल्याला मी हसत आले होते. पण अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठवड्याला तीन खड्यांवर ठेवलेली फॅलेनॉप्सिस फुललेली असताना नेहमीच्या पाण्यावरच्या झाडांइतकीच टिकली. म्हणजे बर्फाने झाड मरत नाही. आपल्याकडे त्याची गरज मात्र मला अजून सापडलेली नाही.

राहिला 'एकदा फुललं की संपलं' हा समज. फॅलेनॉप्सिसला दांडा काढायला काही आठवडे 25 अंशांच्या आसपास किंवा त्याखालची थंडी लागते. भाईंदरला ती थंडी डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीच मिळते, त्या दिवसांत कुंडी खिडकीशी हवी. उष्ण, दमट हवेला सरावलेलं झाड हवं असेल तर डेन्ड्रोबियमच्या संकरित जाती आपल्याकडे जास्त रमतात. दांडा फुटताना नीट पाहा: नव्या मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं, दांड्याचं टोक थोडं चपटं, अंगठा असलेल्या लोकरीच्या हातमोज्यासारखं. हा फरक कळायच्या आधी एका जानेवारीत मी तीन इंचांचा दांडा मूळ समजून सालीत नीट खोचून ठेवला होता.