डिकीतलं पाचवं चाक

खरं सांगा, गाडी घेतल्यापासून डिकीतलं ते कार्पेट तुम्ही कितीदा उचललंय? ईएमआय पाठ, मायलेज पाठ, ब्लूटूथ कसा जोडायचा तेही पाठ. पण टायर बसला की आपण मोबाइल काढतो आणि पंक्चरवाला शोधायला लागतो. दुपारी चार वाजता अंधेरी स्टेशनजवळ ठीक आहे हो. पण रात्री साडेअकराला, जेव्हीएलआरवर, धो धो पावसात?

मी मुलुंडकर. आमच्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये मी हे सगळं हाताने करून पाहिलंय. चाक बदलणं, टायर रिमवरून उतरवणं आणि चक्क बॅलन्सिंगसुद्धा! निकाल आधीच सांगून टाकते. पहिलं काम प्रत्येकाला यायलाच हवं. दुसरं जमतं, पण त्याची गरज नसते. तिसरं घरी अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं जिवाशी खेळतं.

स्टेपनी, वेल्सहून

‘स्टेपनी’ हा शब्द आला कुठून माहितीये? वेल्समधल्या लॅनेली गावातून. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये बसलेल्या चाकावर अडकवायचं जादा चाक काढलं. गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून त्याचं नाव पडलं. तिकडे हा शब्द कधीच मागे पडला, आपल्याकडे मात्र गॅरेजच्या पोऱ्यापासून आरटीओपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे.

आता कामाचं बोलू. गाडी सपाट, पक्क्या जागेवर घ्या. पझल पार्किंगच्या पत्र्यावर किंवा उतारावर अजिबात नको. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका (ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’) आणि तिरक्या समोरच्या चाकाला वीट लावा. आता महत्त्वाचं: नट आधी सैल करायचे, जॅक नंतर! चाक जमिनीवर असतानाच व्हीलपान्याने प्रत्येक नट अर्धा फेरा सोडवा. चाक हवेत गेलं की ते नटाबरोबर फिरायला लागतं.

जॅक लावायची खाच दाराखालच्या पट्टीवर असते, मॅन्युअलमध्ये तिचं चित्र सापडेल. गाडी उचलली की स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवा. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या हातावर नाही. आणि काही झालं तरी अंग गाडीखाली घालायचं नाही. नवं चाक चढवल्यावर नट आधी हाताने, मग समोरासमोरचे एकेक करून आवळा. शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून बघा.

माझे नट मात्र पहिल्या दिवशी हलेचनात. सर्व्हिसिंगला एअर गनने इतके आवळलेले, की वॉचमनकाका आणि मी दोघं मिळून लोंबकळलो तेव्हा कुठे सुटले. म्हणून सांगते, तालीम घरी करा, रस्त्यावर नको.

टायर उतरवणं म्हणजे कुस्ती

पंक्चरवाला दोन लिव्हरनी टायर उतरवतो ते बघताना सोपं वाटतं. युक्ती एकच आहे. रिमच्या मध्ये एक खोलगट घळ असते. टायरची एका बाजूची कड त्या घळीत दाबली, तरच समोरची कड रिमवरून वर येते. साबणाचं पाणी लावायचं आणि जोर कमी, डोकं जास्त वापरायचं. मला पहिला टायर उतरवायला सव्वा तास लागला.

पण ट्यूबलेस टायर परत बसवताना कड रिमला चिकटायला हवा एकदम जोरात लागते. पायपंपाने ते होत नाही. अलॉय व्हीलवर ओरखडे पडतात, आत प्रेशर सेन्सर असेल तर तो तुटू शकतो. हे काम ज्याचं त्याला करू द्या.

बुडबुडा काय सांगतो

घरगुती बॅलन्सर म्हणजे एक शंकू आणि त्यावर गवंड्याच्या लेव्हलसारखा बुडबुडा. चाक आडवं ठेवायचं. बुडबुडा हलक्या बाजूला सरकतो, तिथे रिमला वजनं लावत जायचं. बुडबुडा मध्यावर आला की झालं!

म्हणजे, अर्धंच झालं. टायरला रुंदीही असते. एका बाजूला आतल्या कडेवर आणि बरोबर समोर बाहेरच्या कडेवर सारखंच जादा वजन असेल, तर थांबलेलं चाक अगदी समतोल दिसतं. फिरायला लागलं की डगमगतं. हे फक्त चाक फिरवणाऱ्या मशीनलाच कळतं.

आकडा ऐका. १४ इंची रिमवर फक्त २० ग्रॅमचा फरक आहे असं धरा. ताशी ९० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या मारतं आणि ते २० ग्रॅम चाकाला जवळजवळ अडीच किलोच्या जोराने ओढतात, प्रत्येक फेरीला. एलबीएसच्या ट्रॅफिकमध्ये हे जाणवणारही नाही. शनिवारी एक्स्प्रेस वेवर स्टीअरिंग थरथरलं की कळेल. म्हणून लोणावळ्याचा प्लॅन असेल तर बॅलन्सिंग मशीनवरच, नो कॉम्प्रमाइज!

या रविवारी एवढं करा

कार्पेट उचला. स्टेपनी आहे का ते आधी बघा, कारण २०२० च्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, रिपेअर किट आणि प्रेशर सेन्सर असलेल्या गाडीला ती सक्तीची नाही. असेल तर तिची हवा तपासा. टायरवरचे चार आकडे वाचा: ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५वा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचाच, मग तो कितीही ‘चालेल अजून’ वाटो.

आणि हायवेवर टायर बसला तर लेनला लागून बदलायच्या भानगडीत पडू नका. इंडिकेटर लावून हळूहळू सुरक्षित जागी जा. रिम खराब झाली तर नवी मिळते.