गच्चीवरचा ड्युको

सकाळी 6.30. कठड्यावर दव आहे. जानेवारीतला रविवार. खोलीबाहेर टांगलेला आर्द्रतामापक 80च्या वर गेलाय, म्हणजे इतक्यात रंगाच्या डब्याला हात लावायचा नाही. एनसी लॅकर (नायट्रोसेल्युलोज) फवारलं की थिनर झपाट्यानं उडतो आणि थर गार पडतो. हवा दमट असेल तर त्या गार थरावर बाष्प धरतं आणि रंग दुधाळ होतो. मागच्या पावसाळ्यात उघडीप बघून एका गिटारची बॉडी रंगवायला काढली होती. तासाभरात तिच्यावर पांढरी धुरी आली आणि सगळा थर पुन्हा खरवडावा लागला. पुण्यात या कामाचे खरे दिवस डिसेंबर ते मार्च.

7.00. तोवर घासकाम. आजची बॉडी तूनच्या लाकडाची आहे, मिरजेत सतारी-तंबोऱ्यांना वापरतात तेच. तिथले कारागीर चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि कापडाच्या बोळ्यानं चोळून चोळून चकाकी आणतात. त्यात लाकडाची रेघ न् रेघ दिसत राहते. मला मात्र आज लाकूड पूर्ण झाकून वर आरशासारखा लाल हवाय, आणि तिथेच तून त्रास देतं. त्याची छिद्रं उघडी असतात. ती नीट भरली नाहीत तर रंग आज सपाट दिसतो, पण पुढे लॅकर जसजसं आक्रसतं तसतसं प्रत्येक छिद्र टाचणी टोचल्यासारखं वर येतं. म्हणून गेला महिना लांबी भरणं, घासणं, सँडिंग सीलरचे चार हात, पुन्हा घासणं यातच गेला. काल पांढऱ्या प्रायमरचे दोन हात दिले. आता लाकडी ठोकळ्याला 400 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हातानं फिरवायचा. ठोकळा नसेल तर बोटांचा दाब पडून खळगे होतात. उजेड समोरून नको, बाजूनं हवा. टॉर्च आडवी धरली आणि खालच्या शिंगाजवळ दोन छिद्रं सापडली. एनसी पुट्टी कार्डाच्या कडेनं दाबून भरली. ती वाळेपर्यंत पुढचं काम थांबलं.

9.15. पुट्टी वाळेतो चौकातल्या गॅरेजवर. डेंटिंग-पेंटिंगवाले चाचा माझा लाल मिसळून ठेवणार होते. मी हाताएवढा रंगवलेला पत्रा नेला होता, त्यावरून त्यांनी छटा जुळवली. मला हवा असलेला फिएस्टा रेड हा शेंदराकडे झुकणारा लाल आहे. मुळात तो गाडीचाच रंग, 1956च्या फोर्ड थंडरबर्डचा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडरच्या कारखान्यानं तो गिटारवर आणला. 1960 साली त्यांनी रंगांचं कार्ड छापलं. गिऱ्हाइकानं पाच टक्के जास्त मोजले की त्यातला हवा तो रंग मिळायचा. ते सगळे मोटारींचे रंग होते. काही ड्यूपॉन्ट कंपनीचे ड्युको, काही त्याच कंपनीचे ल्युसाइट. ड्युको 1923 साली आला. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत, ड्युकोनं ते काम तासांवर आणलं. आपल्याकडचे सुतार कपाटावरच्या चकचकीत फवारा-रंगाला अजून ‘ड्युको’च म्हणतात. गिटारसाठी काही खास, महागडा रंग लागतो असं समजून पुष्कळ जण पैसे घालवतात. माझं स्पष्ट मत आहे, गाडी रंगवणाऱ्याकडे जा.

चाचांनी डबा हलवून हातात दिला. “ताई, लाल कच्चा असतो, तीन हात लागतील. पहिल्या हातात झाकायला बघू नका. आणि सिलिकॉनचं पॉलिश घरात कुठं असेल तर आधी बाहेर काढा.” सिलिकॉनचा अंश जरी पृष्ठभागावर राहिला तरी रंग तिथून मागे सरतो आणि गोल डोळे पडतात.

10.30. पुट्टी घासून सपाट केली. गच्ची धुतली, ओल्या फरशीवरून धूळ उडत नाही. मान जिथे बसते त्या खाचेत मास्किंग टेप लावली, कारण तिथे रंगाचा थर चढला तर मान घट्ट होते आणि कोपऱ्याचा रंग तडकतो. खाचेतल्या भोकांत स्क्रू घालून एक पट्टी बसवली. हिला धरून बॉडी फिरवायची, हिलाच दोर बांधून टांगायची. आर्द्रता 52. शेजारच्या मावशींना वाळत घातलेले कपडे आत घ्यायला सांगितलं. गॅस किंवा उदबत्ती जवळपास पेटती नाही ना, तेही पाहिलं. एनसी ठिणगीवरसुद्धा भडकतं.

11.15. रंग आणि थिनर निम्मे-निम्मे, गाळून गनमध्ये. वाफेची फिल्टरं असलेला मास्क चढवला. साधा कापडी मास्क इथे काही कामाचा नाही. आधी पुठ्ठ्यावर फवारा तपासला. मग कडा, कारण कडेवर रंग कमी धरतो आणि पुढे घासताना तीच आधी उघडी पडते. मग समोरची बाजू. वीतभर अंतर, मनगट न वळवता हात सरळ, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. पहिल्या हातानंतर बॉडी फिकट गुलाबी, डागाळलेली दिसते. दर वेळी इथे आणखी थोडं मारायचा मोह होतो, आणि तो आवरावाच लागतो. वीस मिनिटं थांबून दुसरा हात. पुन्हा वीस मिनिटं, तिसरा. तिसऱ्याला गुलाबी गेला आणि शेंदरी लाल भरून आला. यासाठी महिना घासत होते.

1.00. पिठलं-भाकरी. बॉडी सावलीत टांगलेली.

2.15. पारदर्शक लॅकर. आजचे चार हात, तासा-तासानं, बाकीचे पुढच्या रविवारी. पीयूची (पॉलियुरेथेन) चकाकी लवकर येते, तरी मी एनसीच घेते. नवा हात खालच्या थराला थोडं विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात, त्यामुळे दहा वर्षांनी पोचा पडला तरी नवं लॅकर जुन्यात मुरतं. दुसऱ्या हाताला खालच्या वळणावर गन रेंगाळली आणि ओघळ आला. बोट लावावंसं वाटलं. चाचांना फोन केला. “हात लावू नका ताई. पूर्ण वाळू द्या, मग ब्लेड आडवं धरून खरवडा.” तिसरा हात त्या जागेवरून हलका घेतला.

5.20. शेवटचा हात. ऊन उतरलं की आर्द्रता चढते, म्हणून यापुढे नाही. पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड आहे. ती राहणारच, घासून काढायची असते.

6.00. गन सुटी करून थिनरनं धुतली. सुई, टोपी, कप. आज कंटाळा केला तर पुढच्या रविवारी गन थुंकते.

9.00. बॉडी आत, रिकाम्या खोलीत. दाराबाहेरही थिनरचा वास येतोय. पुढच्या रविवारी आणखी चार हात, त्यानंतर चार आठवडे नुसतं टांगून ठेवायचं. नख रुतेनासं झालं आणि वास गेला की ओघळ ब्लेडनं खरवडायचा, 1000, 1500, 2000 नंबरचा पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. तारा मार्चमध्ये चढतील.