उसाच्या फडातला विमानतळ

फाटा ही मोठी गमतीची जागा असते. गाव आत कुठेतरी असतं आणि त्याचं नाव घेऊन फाटा रस्त्यावर उभा असतो. आमचा देवगाव फाटा तसाच. मंठ्याकडून आलेला रस्ता इथे फुटतो. एक जिंतूरकडे जातो, दुसरा सेलूकडे. चहाची हॉटेलं, भज्यांची कढई, पंक्चरचं दुकान, एसटीची वाट पाहणारी माणसं आणि त्यांच्या पायाशी ठेवलेली गाठोडी. इथे येणारा बहुतेक जण पुढे कुठेतरी जाण्यासाठीच येतो.

विमानतळ म्हणजे तरी दुसरं काय? तोही राजधानीचा फाटाच. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, आणि तिचा आंतरराष्ट्रीय विमानतळ ४५-५० किलोमीटर दूर, आग्नेय टोकाला, प्लेझान्स नावाच्या ठिकाणी. मॉरिशस हा आफ्रिकेतला देश, आफ्रिकी संघाचा सभासद. पण तिथे उतरल्यावर आपण आफ्रिकेत आलो असं वाटायला वेळ लागतो. माझा पुतण्या तिथे दोन वर्षांच्या करारावर कॉम्प्युटरच्या नोकरीला आहे. त्याच्या आग्रहाखातर मी गेलो. सेलूहून रात्रीची रेल्वे, मुंबईहून सहा-साडेसहा तासांचं विमान. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं, की झालं!

विमान खाली येऊ लागलं तेव्हा खिडकीतून आधी समुद्र दिसला आणि मग ऊस. धावपट्टीच्या आसपास, डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसता ऊस. आमच्या भागातल्या माणसाला उसाचं अप्रूप नाही, पण परदेशी विमानतळावर ऊस आपलं स्वागत करील, असं काही मनात आलं नव्हतं. आत पैसे बदलून घेतले तर हातात आले तेही रुपयेच, आणि नोटेवर इंग्रजी, तमिळ यांच्या जोडीला आपली देवनागरी!

या विमानतळाची आजची इमारत २०१३ सालची. तिचा आकार तिथल्या 'प्रवासी पाम' नावाच्या, पंख्यासारखी पानं पसरणाऱ्या झाडावरून घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी तळ होता. पुढे १९५२ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने सिडनीहून जोहान्सबर्गला जाणारी विमानसेवा सुरू केली, तेव्हा हिंदी महासागर ओलांडताना ही विमानं या बेटावर विसावा घेत. पण मला खिळवून ठेवलं ते विमानतळाच्या नावाने: सर शिवसागर रामगुलाम आंतरराष्ट्रीय विमानतळ.

हे रामगुलाम कोण? देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हाचे पंतप्रधान. लंडनला शिकून आलेले डॉक्टर. आणि त्यांचे वडील? ते बिहारमधून १८९६ साली अठराव्या वर्षी जहाजाने या बेटावर आलेले ऊसमळ्याचे मजूर. बाप बोटीतून उतरला तो कुदळ धरायला, आणि लेकाचं नाव विमानतळावर लागलं. मधे फक्त एक पिढी आहे.

पोर्ट लुईच्या बंदरात 'आप्रवासी घाट' आहे. युनेस्कोने २००६ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, बाकी फार काही नाही. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर या बेटावर आले. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली आणि मळेवाल्यांना हात कमी पडू लागले, म्हणून हा मार्ग काढला. मजुरांच्या तोंडी 'अ‍ॅग्रीमेंट'चं झालं 'गिरमिट', आणि माणसं झाली गिरमिटिया. करार साधारण पाच वर्षांचा, सुरुवातीच्या काळात पगार महिना पाच रुपये. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, याला 'डबल कट' म्हणत.

हे वाचलं आणि मी त्या घाटावर थोडा वेळ बसूनच राहिलो. कारण हा हिशेब मला नवा नव्हता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. दिवाळी सरली की आमच्या भागातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, मग ती फिटेपर्यंत तोडायचं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसांची मोजणीसुद्धा हत्याराच्या नावाने! खाडा झाला की इथेही पैसे कापतात. समुद्र नाही, बोट नाही, पण गिरमिट आहेच. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना एकामागून एक नावांना उत्तर येत नसे. "गुरुजी, तो गेला तोडीला," एवढंच कुणीतरी सांगायचं.

त्या बोटींमधून मराठी माणसंही गेली. मुंबई बंदरातून, बहुतेक कोकणातली. त्यांच्या वंशजांच्या घरी आज क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकतात. पण कास्कावेल गावात १८९६ साली सुरू झालेला गणपती अजून बसतो. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' होऊन नाचते. प्राथमिक शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत त्याचं उच्च शिक्षण मिळतं, आणि २०२३ साली शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. एका वयस्क गृहस्थांनी मला थांबत थांबत, शब्द जुळवत विचारलं, "तुमी रत्नागिरीचे काय?" मी परभणी सांगितलं. त्यांना परभणी माहीत नव्हती, पण त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, माझाही करारच आहे की!" आहे खरा. पण त्याच्या करारात परतीचं तिकीट आहे, सुट्टी आहे, आणि नको वाटलं तर राजीनामा द्यायची सोय आहे. करार वाईट नसतो. तो वाचता न येणं वाईट. अंगठा उठवणारा आणि सही करणारा यांच्यात जो फरक आहे, तोच गिरमिट आणि नोकरी यांच्यात आहे.

रामगुलामांच्या घरी ते अंतर एका पिढीत कापलं गेलं, याला नशिबाबरोबर आणखी एक कारण होतं. पोराच्या हाती कोयत्याऐवजी पाटी आली. आपल्याकडे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. आईबाप तोडीला गेले तरी मूल गावातच राहावं, जेवावं, शाळेत जावं, अशी ती योजना. कुठे चांगली चालते, कुठे कागदावर चालते. ती कशी चालते हे पाहणं सरकारचं काम आहेच. पण गावातल्या चार शहाण्यांनी संध्याकाळी तिथे डोकावून, पोरं किती आहेत आणि ताटात काय पडतं एवढं पाहिलं, तरी पुष्कळ होईल.

विमानतळांना थोरांची नावं देण्यावरून आपल्याकडे मोर्चे निघतात, वाद रंगतात. नावाबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला प्लेझान्सच्या त्या पाटीपुढे वेगळाच प्रश्न पडला. यंदा दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, उसाच्या वाढ्यांवर आईच्या कुशीत झोपलेलं जे पोर आपल्या डोळ्यांदेखत निघून जाईल, त्याच्यात कोण दडलेलं आहे, हे आपल्याला कधी तरी कळणार आहे का?