दोन आनंद, दोन मिलिंद

१९९०च्या आसपास आमच्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, कॅसेटच्या दुकानात जाऊन कुणी ‘आनंद-मिलिंद द्या’ म्हटले, की दुकानदार फळीकडे वळण्याआधी विचारी, ‘कयामतवाले का पोपटवाले?’ विचारण्यात थट्टा नव्हती. एकाच दशकात आनंद आणि मिलिंद नावाच्या भावांच्या दोन जोड्या गाजत होत्या. दोन्हींच्या कॅसेटी एकाच फळीवर असत आणि एकाच लग्नात, एकाच कर्ण्यातून दोघांची गाणी वाजत. त्या काळच्या श्रोत्यांना आज बोलते केले, तर गप्पांमध्ये या दोन जोड्या हमखास एकमेकांत मिसळतात.

मी संगीताचा किंवा इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. जुन्या कॅसेटी, आणि त्याहून जास्त त्यांची कागदी कव्हरे जमवण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. त्या निमित्ताने कळंब, येरमाळा, उमरगा, परंडा भागांतल्या जुन्या दुकानदारांशी, बँजो वाजवणाऱ्यांशी आणि हौशी श्रोत्यांशी बसणे झाले. त्या बैठकांतून आणि कव्हरांतून जे हाती लागले, ते येथे मांडतो आहे.

दोन घरे

पहिली जोडी हिंदी चित्रपटांची. वडील चित्रगुप्त (१९१७-१९९१) मूळचे बिहारचे. ‘भाभी’सारख्या हिंदी चित्रपटांचे ते संगीतकार होते, आणि पहिला भोजपुरी चित्रपट मानल्या जाणाऱ्या ‘गंगा मैया तोहे पियरी चढैबो’चे संगीतही त्यांचेच. त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद श्रीवास्तव. ‘अब आएगा मज़ा’ (१९८४) या चित्रपटापासून त्यांनी एकत्र संगीत द्यायला सुरुवात केली आणि ‘कयामत से कयामत तक’ने (१९८८) त्यांचे नाव देशभर पोचवले. १९९० साली ‘दिल’ आला. कव्हरावर त्यांचे नाव फक्त ‘आनंद-मिलिंद’ असे येई; आडनाव नसे.

दुसरी जोडी आपल्या शेजारची. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांचे घराणे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. विठ्ठलाची गाणी, कव्वाली, लोकगीते आणि भीमगीते हे सगळे ज्यांच्या एका गळ्यात सामावले, असे गायक महाराष्ट्रात थोडेच झाले. त्यांचे मुलगे आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे. ऐंशीच्या दशकात आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे असे काही चालले, की त्या काळात वाढलेल्या माणसाला ‘पोपट’ एवढे म्हटले तरी पुरते. पुढे या घराण्याची तिसरी पिढी, आदर्श आणि उत्कर्ष शिंदे, गाऊ लागली.

साम्य नावापुरते थांबत नाही. दोन्हीकडे सख्खे भाऊ, दोन्हीकडे वडील संगीतातले, आणि दोन्ही वडिलांनी सामान्य माणसाच्या बोलीतल्या गाण्यांची सेवा केलेली. फरक एकच, पण ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो. हिंदीतली जोडी संगीतकारांची, मराठीतली गायकांची. कव्हर हातात असेल तर आनंद-मिलिंद ही नावे ‘संगीत’ या शब्दापुढे आहेत की ‘गायक’ या शब्दापुढे, एवढे पाहावे. गल्लत तिथेच संपते.

गल्लत होते कशी?

कव्हर मात्र हातात नसे, आणि सगळी मेख तिथेच आहे. ऐंशीच्या दशकापूर्वी ध्वनिमुद्रिकांच्या बाजारावर मुख्यतः एचएमव्हीचा ताबा होता आणि तबकडी वाजवणारे यंत्र गावात एखाद्याच घरी असे. कॅसेट आली आणि चित्र पालटले. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी काढल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने १९९३ साली उत्तर भारतातल्या कॅसेट-संस्कृतीवर एक पुस्तक लिहिले. स्वस्त यंत्रामुळे प्रादेशिक आणि लहान समूहांच्या गाण्यांना प्रथमच बाजार मिळाला, हे त्यात नीट मांडले आहे. भीमगीतांच्या बाबतीत महाराष्ट्रात नेमके हेच घडले.

पण याच स्वस्ताईत नावे झिजली. मुंबईत छापलेल्या कव्हरावर गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी हे सगळे असे. सोलापूरच्या ठोक व्यापाऱ्याच्या बिलावर एक-दोन शब्द उरत. तालुक्याचा दुकानदार साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर गिऱ्हाइकाच्या आवडीची गाणी ‘भरून’ देई. तीस मिनिटे इकडे, तीस मिनिटे तिकडे, आणि पट्टीवर बॉलपेनने लिही, ‘आनंद-मिलिंद, हिट’. ‘शिंदे’ तिथेच गळाले. कळंबच्या एका जुन्या दुकानदाराने मला सांगितले, ‘भाऊ, पट्टी बोटाएवढी. त्यात आडनाव कुठं बसवायचं?’ त्या बोटाएवढ्या पट्टीवरून पुढच्या पिढीची स्मृती तयार झाली.

कानाची साक्षही पुरेशी नसे. यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३चा, रोलंडचा ऑक्टोपॅड १९८५चा. ही वाद्ये, त्यांचे स्वस्त भाऊबंद आणि कॅसिओचे छोटे कीबोर्ड मुंबईच्या स्टुडिओंत आले, तसा चित्रपटगीतांचा आणि लोकगीतांचा पोशाख सारखा दिसू लागला. ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड बसला, बासरीची जागा कळीच्या पेटीतून निघणाऱ्या बासरीने घेतली. येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत बँजो वाजवलेले एक काका सांगत होते, ‘आमच्या पार्टीत दोन्ही गाणी एकामागं एक. सूर काढायचा तोच कॅसिओ, तोच माणूस.’ कोसभरावरून कर्णा ऐकणाऱ्याने दोन आनंद वेगळे करावेत तरी कसे?

एकच नाव, अनेक तऱ्हा

जगात इतरत्रही हे होतच असते. इंग्लंडात १९८१ साली व्हिन्स क्लार्क आणि ॲलिसन मॉये यांनी याझू नावाची जोडी काढली. सिंथेसायझरवरची त्यांची गाणी गाजली. पण अमेरिकेत याझू नावाची ध्वनिमुद्रिका कंपनी आधीपासून होती, म्हणून तिकडे त्यांना ‘याझ’ हे नाव घ्यावे लागले. तिथे नावाचा गुंता कायद्याने सुटला.

आपल्याकडे अशा गुंत्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आढळतात. एक माणूस, दोन नावे ही पहिली : हिंदी चित्रपटांत गाणाऱ्या सुलोचना कदम आणि लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण या एकच, हे सांगितल्यावर अजून लोक चकित होतात. माणूस गेला, नाव उरले ही दुसरी : दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’चे (१९७५) संगीतकार राम-लक्ष्मण ही जोडी होती. १९७६ साली राम गेले. लक्ष्मण म्हणजे विजय पाटील. त्यांनी जोडीदाराचे नाव पुढेही लावले, आणि ‘मैंने प्यार किया’च्या (१९८९) कव्हरावरचा रामलक्ष्मण हा एकटाच माणूस होता. त्यातच कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’चे (१९७१) संगीत राम कदम यांचे. त्यामुळे गप्पांत ‘दादांचा राम’ म्हटले, की कोणता राम, हे विचारावे लागते.

दोन आनंद-मिलिंद ही तिसरी तऱ्हा : माणसे निराळी, नावे तीच. आणि इथे नाव तेच असले तरी त्याचा अर्थ तोच आहे का, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मिलिंद कोण?

संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा. मराठी मध्यमवर्गात हे नाव त्या अर्थानेही ठेवले जाते. पण मराठवाड्यात मिलिंद म्हटले, की वेगळे काही आठवते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले आणि त्याचा परिसर नागसेनवन. हा मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. गंमत अशी, की त्यांचा संवाद नावापासूनच सुरू होतो. तुझे नाव काय, असे राजा विचारतो. नागसेन म्हणतात, ते हाक मारण्यापुरते आहे. त्यामागे नागसेन नावाची वेगळी वस्तू सापडायची नाही. चाक, आस, जू यांपैकी एकेक सुटे काढले तर रथ कुठे राहतो, हा दृष्टान्त ते पुढे देतात.

आनंद हा बुद्धाचा चुलतभाऊ आणि निकटचा सेवक. बुद्धाच्या निर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत त्याने ऐकलेली सुत्ते स्मरणातून म्हणून दाखवली, अशी परंपरा सांगते. म्हणजे एक नाव ऐकून लक्षात ठेवणाऱ्याचे, दुसरे प्रश्न विचारणाऱ्याचे. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतरच्या पिढीत आनंद, मिलिंद, राहुल, सिद्धार्थ, गौतम, नागसेन ही नावे वस्त्यावस्त्यांत दिसू लागली. जुनी, हिणवणारी नावे टाकून माणसांनी निवडून घेतलेली ही नावे होती. ‘शिंदे’ हे आडनाव महाराष्ट्रात अनेक जातींत आहे, त्यावरून काही कळत नाही. कळते ते पहिल्या नावावरून. हिंदीतल्या जोडीचे नाव मात्र ऐकणाऱ्याला असे काहीच सांगत नव्हते.

म्हणून दुकानदाराचा तो प्रश्न पुन्हा नीट ऐकला पाहिजे. तो काळ साधा नव्हता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला. कॅसेटचा भरभराटीचा काळ बरोबर या सोळा वर्षांत येतो. एका नावासाठी माणसे मरत असताना, त्याच गावांत काउंटरवर उभे राहून भीमगीतांची कॅसेट मागणे म्हणजे आपण कोण हे चारचौघांत सांगणे होते. उमरग्याच्या एका निवृत्त गुरुजींनी सांगितले, ‘आम्ही मोठ्यानं म्हणायचो, आनंद-मिलिंद द्या. मग हळूच म्हणायचो, शिंद्यांचे.’ दोन नावांच्या सारखेपणाने त्यांना क्षणभराचा आडोसा दिला होता.

पोपटाच्या गाण्याने तो आडोसा बऱ्याच अंशी अनावश्यक केला. ते सगळ्या आळ्यांतल्या वरातींत वाजले. ज्या घरात शिंद्यांची भीमगीते कधी लागली नसती, तिथे त्यांचा आवाज आधी पोचला. गावाने माणसाला नंतर स्वीकारले की नाही, हा वेगळा प्रश्न. पण ‘शिंद्यांचे द्या’ हे मोठ्याने म्हणणे सोपे झाले, असे मला एकाहून अधिक जणांनी सांगितले.

काय राखायचे?

आता मोबाइलवर आनंद-मिलिंद शोधले, तर दोन्ही जोड्यांची गाणी शेजारी शेजारी येतात. गायकांचे नुकसान त्याने फारसे होत नाही. त्यांचे चेहरे आणि आवाज लोकांना ठाऊक आहेत. नुकसान होते ते गीतकारांचे आणि चाली बांधणाऱ्यांचे. गिरण्या-कारखान्यांत, शाळांत नोकऱ्या करत ज्यांनी ही गाणी लिहिली, त्यांचे नाव त्या एका कागदी कव्हरावरच होते. गाणे कुणीतरी मोबाइलवर चढवतो, कव्हर चढवत नाही.

आमच्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या कव्हरांवरचे दुकानांचे शिक्के उस्मानाबादचेच आहेत आणि ते तसेच राहायला हवेत. कोणती कॅसेट कोणत्या काळात विकली गेली, हे त्यांवरून कळते. तसेच कव्हरावरच्या प्रत्येक नावाचे आहे.

फितीवरचा लोहभस्माचा थर ओलीने आणि बुरशीने सुटत चालला आहे. गाणे एखादे वेळी दुसऱ्या प्रतीतून मिळेल, कव्हर मिळणार नाही. या दिवाळीला माळा झाडताना जुनी कॅसेट हाती आली, तर टाकण्याआधी तिचे कव्हर उलगडा आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवा. आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘गीत’ आणि ‘संगीत’ असे लिहिलेले असेल. त्यापुढची नावे वहीत उतरवून घ्या, पूर्ण, आडनावासकट.