उतारवयातील स्मृती व आहार

पायास काटा रुतला म्हणजे ती जागा लाल होते, सुजते व ठणकते. यास दाह म्हणतात आणि तो शरीराच्या रक्षणार्थच असतो. परंतु दुसरा एक दाह डोळ्यांस दिसत नाही. पोटावरील चरबी, मधुमेह, धूम्रपान इत्यादी कारणांनी तो कोंड्यातील विस्तवाप्रमाणे वर्षानुवर्षे धुमसत राहतो. त्याने रक्तवाहिन्यांस इजा पोहोचते, मेंदूतील रक्षक पेशी चेतून उठतात व निरोगी पेशींनाही उपद्रव करू लागतात. वार्धक्यातील स्मृतिभ्रंशास हा दाह हातभार लावीत असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

आहाराने तो टळेल काय? शिकागो येथील वृद्धांच्या पाहणीत पालेभाज्या, कडधान्ये व कवचफळे नेमाने खाणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. ही पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. पुढे याच आहाराचा रीतसर प्रयोग ६०४ वृद्धांवर तीन वर्षे करण्यात आला. तुलनेसाठी घेतलेल्या गटापेक्षा त्यांची बुद्धी विशेष सरस ठरली नाही, असे २०२३ साली जाहीर झाले. याउलट फिनलंडमध्ये १,२६० जणांवरील दोन वर्षांच्या प्रयोगात आहारास व्यायाम, बौद्धिक सराव व रक्तदाबादींवरील देखरेख यांची जोड दिली असता थोडा पण निश्चित लाभ दिसला. यास्तव एखादा जिन्नस 'बुद्धिवर्धक' म्हणून विकणाऱ्याचे बोलणे शेतकऱ्यांनी मनावर घेऊ नये.

प्रस्तुत लेखकास गावोगाव फिरताना वेगळीच गोष्ट खटकते. दात गेले की म्हाताऱ्यांचे जेवण चहा-बिस्किटे व मऊ भातावर येते. परसातील माठ, चाकवत, शेवगा त्यांच्या ताटात येतच नाही. ही भाजी डाळीसह शिजवून घोटावी. जवस भाजून, कुटून द्यावे. अख्खे दाणे बहुधा न पचताच जातात. पूड लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतीच करावी.

शिवाय प्रत्येक विसराळूपणा दाहामुळे किंवा वयामुळे येतो असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही स्मृती मंदावते, आणि वेळीच उपचार झाल्यास ती सुधारू शकते. हे सत्त्व भाजीपाल्यात नसते. दूध, दही, अंडी व मासळी यांत असते. शाकाहारी वृद्धांत तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही उणीव विशेष आढळते. रक्ततपासणीने ती कळते.