संथ व्होल्ट, स्वस्त मीटर

सोलर पॅनलला जोडलेल्या बॅटरीचं व्होल्टेज दिवसभर हळूहळू चढतं आणि रात्री उतरतं. भट्टीतलं थर्मोकपल किंवा टाकीतला पीएच प्रोब यांचंही तसंच. सेकंदाला एकदा पाहिलं तरी पुष्कळ झालं. पण तासन्‌तास नोंद ठेवणारा प्रयोगशाळेतला लॉगर शाळेच्या किंवा हौशी माणसाच्या खिशाला परवडत नाही. म्हणून ही मंडळी घरातल्या संगणकालाच मीटर बनवत आली आहेत.

1981 च्या आयबीएम पीसीसाठी जॉयस्टिकचं कार्ड मिळे. ते व्होल्टेज मोजत नसे. जॉयस्टिकमधल्या रेझिस्टन्समधून कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो, ते पाही. हौशींनी तिथे थर्मिस्टर लावून तापमान काढलं. पुढे प्रिंटर पोर्टला एडीसी 0804 ही चिप जोडायची रीत पडली. ती 5 व्होल्टच्या 256 पायऱ्या करते, म्हणजे एक पायरी साधारण 20 मिलिव्होल्टची. साउंड कार्डाचा मोह मात्र फसवा. 16 बिट, सेकंदाला 44,100 नमुने, आणि तेही फुकटात! पण त्याच्या तोंडाशीच कपॅसिटर बसलेला असतो, तो डीसीला आत येऊच देत नाही. मग एलएम 331 ने व्होल्टेजची फ्रीक्वेन्सी करा आणि ती मोजा. द्राविडी प्राणायाम, पण चालतो.

आपल्याकडे या दिशेचं सगळ्यांत नेटकं काम दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरचं. त्यांच्या फीनिक्स प्रकल्पाची सुरुवात प्रिंटर पोर्टनेच झाली आणि त्यातूनच यूएसबीवर चालणारं एक्सपआइज घडलं. त्याच्या दोन इनपुटना उणे 16 ते अधिक 16 व्होल्ट थेट देता येतात आणि मोजणी 12 बिटांची होते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला आणखी काही नको.

हौशी बाजार मात्र 2005 साली इटलीतल्या इव्रेआत जन्मलेल्या आर्डुइनोने काबीज केला. त्याच्या उनो या बोर्डावरच्या चिपमध्ये 10 बिटांचा कन्व्हर्टर असतो. 5 व्होल्टच्या 1024 पायऱ्या, एकेक 4.9 मिलिव्होल्टची. 12 व्होल्टची बॅटरी मोजायला 47 के आणि 10 के रेझिस्टर लावून व्होल्टेज विभागलं, तर बॅटरीच्या हिशेबात एक पायरी 28 मिलिव्होल्टची होते. वाईट नाही. खरी मेख दुसरीकडेच आहे. उनो ज्या 5 व्होल्टशी तुलना करतो, ते यूएसबीकडून आलेले असतात आणि यूएसबीचे 5 कधी 4.8 सुद्धा असतात. तसे ते असले, की 12.2 व्होल्टवर अर्धी उतरलेली बॅटरी पडद्यावर 12.7 दाखवते. म्हणजे पूर्ण भरलेली! इथे बिटं वाढवून काही साधत नाही. चुकीच्या फूटपट्टीवर बारीक रेघा मारल्याने ती बरोबर होत नसते.

या क्षेत्रात बहुतेकांचा पैसा इथेच वाया जातो, असं माझं मत आहे. आधी रेफरन्स, म्हणजे तुलनेचं स्थिर व्होल्टेज, घ्यावा, मग बिटं. टीएल 431 ही साडेतीन आण्याची चिप जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये बहुधा सापडतेच, ती 2.5 व्होल्ट बऱ्यापैकी धरून ठेवते.

एडीएस 1115 हे मॉड्यूल म्हणूनच लोकप्रिय झालं. 16 बिट, चार इनपुट आणि रेफरन्स चिपच्या पोटातच. सर्वांत बारीक रेंजला त्याची पायरी 7.8 मायक्रोव्होल्टची असते. के जातीचं थर्मोकपल अंशाला 41 मायक्रोव्होल्ट देतं, तेव्हा अर्ध्या अंशाचाही फरक दिसतो. लॅमिंग्टन रोडला असो की तापकीर गल्लीच्या आसपास, घेताना एक तपासा: सगळी रीडिंगं 16 च्या पटीतच येत असतील, तर तुमच्या हाती 12 बिटांचा धाकटा भाऊ एडीएस 1015 पडला आहे.

24 बिटांच्या एचएक्स 711 चं नाव ऐकून हुरळू नये. तो वजनकाट्यासाठी घडलेला. तिथे लोडसेललाही तोच पुरवठा असतो, त्यामुळे पुरवठ्यातला चढउतार दोन्ही बाजूंनी कटतो. थर्मोकपलला ही सोय नाही. रास्पबेरी पायला ॲनालॉग इनपुटच नाही; रास्पबेरी पाय पिकोला 12 बिट आहेत, पण मधल्या काही पायऱ्या ओबडधोबड. ईएसपी 32 चा कन्व्हर्टर दोन्ही टोकांना वाकडा चालतो. वायफायसाठी तो घ्यावा, मापनासाठी शेजारी एडीएस बसवावा.

उरतो तो वायरींमधून शिरणारा 50 हर्ट्झचा गुंजारव. व्होल्टेज संथ असल्याचा फायदा इथे मिळतो. 20 मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत सरासरी घेतली, की तो स्वतःच स्वतःला खोडतो. स्वस्तातल्या डिजिटल मल्टिमीटरमधली 7106 चिप याच तत्त्वावर चालते. मायक्रोव्होल्टच्या पातळीला आणखी एक उपद्रव असतो: तांबं आणि दुसरा धातू जिथे जुळतात, तो प्रत्येक जोड स्वतःच एक छोटं थर्मोकपल होतो. म्हणून दोन्ही जोड जवळजवळ आणि पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवावेत.

विजेच्या मेन्सला यातलं काहीही लावू नका. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आर्डुइनो नॅनो, एडीएस 1115, एक टक्क्याचे रेझिस्टर आणि ज्याच्यावर विश्वास आहे असा एक मल्टिमीटर घ्यावा. दोन वेगवेगळ्या व्होल्टेजला दोघांची रीडिंगं ताडून पाहावीत आणि फरक प्रोग्रॅममध्येच दुरुस्त करावा. बॅटरी, सोलर आणि भट्टी यांसाठी एवढं पुरतं; पीएच प्रोबला मात्र आधी उच्च इनपुट रेझिस्टन्सचा ऑपॲम्प लावावाच लागतो.