वाफेचे इंजिन आणि अक्षयनीवी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली पहिली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली, हे शाळकरी मुलेही सांगतात. या तिघांपैकी एकही इंजिन आज पाहावयास मिळत नाही, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. भारतातील प्रवासी रेल्वेचा जन्म ज्या भूमीत झाला, तिने आपल्या वाफेच्या युगाची निगा आस्थेने राखली असे म्हणणे कठीण आहे. फार तर एखाद्या स्थानकाबाहेर चौथऱ्यावर रंगरंगोटी केलेले इंजिन उभे असते. त्याची चाके काळी कुळकुळीत असतात आणि भट्टी कायमची थंड.

अशा इंजिनांचा जीर्णोद्धार करावा, त्यांच्या गाड्या पुन्हा धावाव्यात, अशी मागणी अधूनमधून होते. ती रास्त आहे. पण मागणी करणारे आणि ती मान्य करणारे, दोघेही खर्चाचा हिशेब उद्घाटनाच्या दिवसापर्यंतच मांडतात, आणि सारी गफलत तेथेच होते.

वाफेचे इंजिन ही दुरुस्त करून विसरून जाण्याजोगी वस्तू नव्हे. त्याच्या बॉयलरच्या पोटात नळ्यांचा जुडगा असतो. भट्टीतील तप्त वायू त्या नळ्यांतून जातात आणि भोवतालच्या पाण्याची वाफ होते. पाण्यातील क्षार नळ्यांवर साचत जातात. ते वेळच्या वेळी धुऊन काढले नाहीत तर धातू वाजवीपेक्षा जास्त तापतो आणि दुबळा होतो. भट्टीचा माथा सदैव पाण्याखाली राहावा लागतो. पाणी उतरले, की तेथे बसवलेली मृदू धातूची गुडदी वितळते आणि वाफ आगीवर येऊन धोक्याची सूचना देते. ही सूचना ज्याला कळत नाही त्याच्या हाती इंजिन देणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. म्हणून ठरावीक मुदतीने बॉयलर उघडावा लागतो, पाण्याच्या दाबाने तपासावा लागतो, नळ्या बदलाव्या लागतात. थंड इंजिनात वाफ धरावयासच काही तास जातात. गाडी महिन्यातून एकदा सुटो की रोज सुटो, यातील बराचसा खर्च टळत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हा स्थिर खर्च. फेऱ्या जितक्या कमी, तितका प्रत्येक फेरीच्या डोक्यावर त्याचा बोजा अधिक.

शिवाय पैशाने तत्काळ विकत न मिळणारी एक गोष्ट यात असते. इंजिनाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखणारा ड्रायव्हर, भट्टीत कोळसा कोठे आणि किती पसरावा हे हातालाच ठाऊक असलेला फायरमन, नळी ठोकून बसवणारा कारागीर, ही माणसे कामातूनच घडतात. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० ते १९७२ या काळात २३५१ वाफेची इंजिने बांधली. ती बांधणारी आणि चालवणारी पिढी कधीच निवृत्त झाली. नवी पिढी तयार व्हावी तर तिला रोजचे काम हवे.

‘फेअरी क्वीन’ची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. १८५५ साली इंग्लंडमधील लीड्स येथे बनलेले हे इंजिन १९०९ साली निवृत्त झाले आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आले. १९९७ साली ते पुन्हा चालू करून दिल्ली-अलवर मार्गावर त्याची पर्यटक गाडी सुरू झाली. नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने इंजिन म्हणून त्याचा गौरवही झाला. आणि पुढे २०११ साली, उभे असतानाच त्याचे सुटे भाग चोरीस गेले! पेरांबूरच्या कारखान्यात त्याची पुन्हा मोठी दुरुस्ती करावी लागली. कीर्ती मिळाली म्हणून राखण आपोआप होत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न नेरळ-माथेरानच्या दोन फुटी मार्गावर उभा राहतो. पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने १९०७ साली ही रेल्वे सुरू झाली. जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीची चार इंजिने तिच्यावर होती. डोंगरातील वळणे इतकी अवघड, की वळणावर चाकांना किंचित कलता यावे अशी खास सोय त्यांच्या आसांत केलेली होती. १९८२ साली ती निवृत्त झाली. पुढे २००१ साली दार्जिलिंगच्या ‘बी’ वर्गातील ७९४ क्रमांकाचे इंजिन नेरळला आणण्यात आले, परंतु वाफेची रोजची गाडी काही या घाटात पुन्हा रुजली नाही. निलगिरीत नेमके उलटे घडले. तेथे वाफेची सेवा टिकली, म्हणून शेड टिकली. शेड टिकली, म्हणून कसब टिकले. आणि २०२१ साली तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यातून त्या मार्गासाठी कोळशावर चालणारे चक्क नवे इंजिन बाहेर पडले. हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्येही १९६५ साली चित्तरंजनला बनलेले ‘अकबर’ चालते राहिले, ते त्याला विशेष गाड्यांचे आणि चित्रपटांच्या चित्रीकरणाचे काम मिळत गेले म्हणून.

यावर एक सोपी तोड अलीकडे निघाली आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातेत एकतानगर-अहमदाबाद ‘वारसा गाडी’ सुरू झाली. तिचे इंजिन दिसावयास वाफेचे, पण चालते विजेवर. प्रवाशांची हौस भागते, खर्चही आटोक्यात राहतो. तरीही त्यास वारसा म्हणणे म्हणजे नाटकातल्या राजाकडे राज्यकारभार मागणे होय. त्या इंजिनामागे ना भट्टी आहे, ना फायरमन.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ‘शकुंतला’ बंद पडून तेथील गोरगरिबांची स्वस्त गाडी गेली. जुन्नर-आंबेगावचा शेतकरी पुणे-नाशिक रेल्वेच्या आखण्या वर्षानुवर्षे ऐकतो आहे, रूळ अद्याप पाहतो आहे कोठे? अशा वेळी जनतेच्या पैशाने जुनी इंजिने का पोसावीत? उत्तर एकच असू शकते: रेल्वेच्या नित्याच्या अंदाजपत्रकातून ती पोसू नयेत. त्यांच्यासाठी वेगळी, मोडता न येणारी ठेव हवी.

ही कल्पना परदेशातून आणण्याची गरज नाही. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी पायऱ्या चढणारा भाविक शेजारच्या चैत्यगृहावरील लेखाकडे क्वचितच पाहतो. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने ते चैत्यगृह दान दिले, असे तो लेख सांगतो. लेणे कोरून देणारे दाते पुष्कळ होते. पण जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांतील इतर लेख आणखी काही सांगतात. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे, कांस्यकारांच्या श्रेणीकडे ठेवी ठेवल्याची, करंज आणि वड लावण्यासाठी शेतांचे उत्पन्न नेमून दिल्याची नोंद त्यांत आहे. नाशिकच्या लेण्यात तर उषवदाताने हिशेबच कोरून ठेवला आहे. तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी. त्यांपैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा दर शेकडा एक या व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण या व्याजाने. मुद्दल कधीच द्यावयाचे नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रे. दगडाचे लेणेसुद्धा देखभालीच्या तरतुदीवाचून वसते राहत नाही, हे त्या काळच्या व्यापाऱ्यांना उमगले होते. लोखंडी बॉयलरची गोष्ट तर त्याहून नाजूक.

एक फरक ध्यानात घ्यावाच लागेल. रोख ठेवीचे मोल महागाई कुरतडते. म्हणून व्याजाचा एक भाग दरवर्षी मुद्दलात घालावा लागेल, आणि व्याजाखेरीज उत्पन्नाचा एखादा जिवंत झराही जोडावा लागेल; त्या जुन्या दात्यांनी रोकडीबरोबर शेते आणि झाडे दिली, तसा. माथेरानपुरते बोलायचे तर तेथे येणाऱ्या पर्यटकाकडून नगरपरिषद कर घेतेच. त्यातला ठरावीक वाटा, हॉटेलमालकांची वर्गणी आणि वाफेच्या गाडीचे चढे भाडे यांतून असा निधी उभा राहू शकतो. गाडीमुळे ज्यांचा धंदा चालतो, त्यांनी तिचा भार थोडा उचलावा यात अन्याय नाही. चढे भाडे देणारा हौशी प्रवासी असेल. डिझेलच्या गाडीने जाणाऱ्याच्या तिकिटाला हात लावण्याचे कारण नाही. निधी जमेपर्यंत इंजिनाला हात लावू नये, ही अट मात्र कडक हवी.

मग वेळापत्रकाची अडचण उरते, पण ती निसर्गानेच सोडवून ठेवली आहे. पावसाळ्यात नेरळहून घाट चढणारी गाडी तशीही बंद असते. बॉयलर उघडण्यास, नळ्या काढण्यास आणि नेरळच्या चार पोरांना जुन्या कारागिराच्या हाताखाली बसवण्यास ते महिने पुरेसे आहेत.